बाबांची सीट पहिल्या रांगेत

"पिताजी को पीछे कर देते हैं मैम, उन्हें क्या फ़र्क़ पड़ता है."

काउंटरवरची मुलगी हे अगदी गोड आवाजात म्हणाली. लखनौची मुलगी. इथे अपमानसुद्धा 'जी' लावून करतात, त्यामुळे तो लागायला जरा वेळ लागतो. ती माझ्याशी बोलत होती. बाबा माझ्या शेजारीच काठीवर भार टाकून उभे होते. त्यांना विचारावं, हे तिच्या मनातही आलं नाही. तिने फक्त एकदा वाकून त्यांच्या पायांकडे पाहिलं. कॅनव्हासचे बूट, धुऊन धुऊन रंग गेलेले. डावा पाय सरळ, बाजूला काढलेला. मग तिने दोन बोर्डिंग पास माझ्या हातात ठेवले आणि माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे बघायला लागली.

मी पास वाचले. माझी सीट पहिल्या रांगेतली, मधली. घरून घेतली होती तीच. बाबांची बदललेली. त्यांची पहिल्या रांगेतली वाटेकडची सीट गेली होती आणि तिच्या जागी एकोणिसावी रांग आली होती. दोघांच्या मधली सीट.

मी पास पुन्हा एकदा वाचला.

बाबांचा डावा गुडघा दुमडत नाही. थोडासुद्धा नाही. खुर्चीत बसले की तो पाय समोर पसरलेलाच राहतो. एकोणिसाव्या रांगेत, दोन माणसांच्या मध्ये, समोरच्या सीटची पाठ छातीला लागते तिथे तो पाय ठेवायचा कुठे? कापून मांडीवर घ्यायचा? विमानात असा पाय फक्त एकाच ठिकाणी मावतो. पहिल्या रांगेत, वाटेच्या कडेला. संकटकालीन दाराजवळच्या रांगेतही जागा असते, पण काठी घेऊन चालणाऱ्याला तिथे बसू देत नाहीत. तो नियम बरोबरच आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही.

आम्ही पुण्याला चाललो होतो. पिंपरीला बाबांची थोरली बहीण आहे, माझी आत्या. तिने अंथरूण धरलं होतं. फोनवर म्हणाली, "एकदा येऊन जाय रे भाऊ." बाबांनी जन्म रेल्वेत काढला, रेल्वेचा फुकट पास खिशात, पण मागच्या खेपेला गाडीने गेले तेव्हा गुडघा असा सुजला की आत्याच्या घरी पोचून तेच अंथरुणाला खिळले. म्हणून या वेळी मी विमानाची तिकिटं काढली. त्यांचा पहिलाच विमानप्रवास. आदल्या दिवशी निशातगंजच्या बाजारातून आत्यासाठी शाल आणली आणि मला चार वेळा विचारलं, "पाय मावते नं बाई तिथं?" मी चारही वेळा सांगितलं, "मावतो बाबा. मी सीट बघून घेतली आहे."

मी खोटं बोलले नव्हते. सीट कशी मिळते, हे मला चांगलं ठाऊक आहे. माझं काम रक्त तपासायची यंत्रं बसवण्याचं आणि बिघडली की दुरुस्त करण्याचं. आज पाटणा, उद्या इंदूर. इतकं उडावं लागतं की विमान कंपनीने मला सोनेरी कार्ड दिलंय. त्या कार्डाची गंमत अशी, की पहिल्या रांगा आम लोकांना बंद दिसतात आणि आमच्यासाठी उघडतात. आमच्या तिकिटावर सोबत असलेल्यालाही मिळतात. चेक-इन उघडल्या उघडल्या मी मोबाइल घेऊन बसले आणि दोन सीटा घेतल्या. बाबांच्या नावापुढे टीपही घालून घेतली होती, पाय दुमडत नाही म्हणून. व्हीलचेअरही मागितली असती, पण बाबा ऐकेनात. म्हणाले, "मले ढकलायचं माहीत आहे. ढकलून घ्यायचं नाही."

पण सोन्याच्या वर प्लॅटिनम असतं. प्लॅटिनमवाला शेवटच्या घटकेला आला आणि पहिली रांग भरलेली असली, की काउंटरवरचे लोक बघतात, कुणाला उचलता येईल. रांगेत सहा जण. स्क्रीनवर कुणाचं कार्ड कसलं, कुणाची सीट विकत, कुणाची फुकट, एवढंच दिसतं. पण हलवायचं कुणाला, हे शेवटी डोळे ठरवतात. मी इतक्या वेळा त्या काउंटरसमोर उभी राहिले आहे की ते डोळे मला पाठ आहेत. आधी घड्याळ बघतात, मग बूट.

"ये सीट किसने बदली?" मी विचारलं.

"सिस्टम से हुआ है मैम. ऑपरेशनल रीज़न."

"सिस्टम ने इन्हीं को क्यों चुना?"

तिचं हसू जरा ताणलं. "मैम, कार्ड आपका है. वो तो बस साथ में हैं."

वो तो बस साथ में हैं. बाराखडी शिकवावी तसं तिने ते सांगितलं. मी म्हणाले, बुकिंगवरची टीप वाचा. तिने वाचली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, पण तिने ते आवरलं आणि सुपरवायझरला हात केला. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे बहनजी, आगे बढ़िए ना." बाबांनी माझी बाही ओढली.

"चाल नं बाई. मी बसतो मांगं."

"बाबा, पाय कुठे ठेवाल?"

"ठेवीन कुठीतरी. लोकं थांबले आहेत."

लोक थांबले आहेत. आयुष्यभर हा माणूस लोकांना वाट मोकळी करून देत आला. मी बाही सोडवून घेतली.

सुपरवायझर आला. कोट, टाय, हातात वॉकीटॉकी. त्याने मला बाजूला यायला सांगितलं. मी गेले नाही. बाजूला घेतलं की माणूस अर्धा हरतो, हे मला अनुभवाने कळलंय. मी काउंटरला हात धरून उभी राहिले. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मैम, हमारे एक बहुत पुराने टॉप टियर गेस्ट हैं. बुज़ुर्ग हैं. आप समझदार हैं, थोड़ा एडजस्ट कर लीजिए."

"ये भी बुज़ुर्ग हैं."

"जी, बिल्कुल हैं," तो म्हणाला आणि बाबांकडे न बघता शेजारच्या काउंटरकडे वळून म्हणाला, "सर, बस दो मिनट. आपकी वन-सी हो गई है, प्रिंट निकल रहा है."

वन-सी म्हणजे बाबांची गेलेली सीट. त्या 'सर'नी मान वर केली. उंच, ताठ, पिकलेले केस नीट मागे वळवलेले. बाबांच्याच वयाचे, फार तर दोन-चार वर्षांनी मोठे. मी ओळखण्याआधी बाबांनी ओळखलं. त्यांची काठी हलली. वाकलेली पाठ आणखी वाकली आणि दोन्ही हात काठीसकट जुळले.

"साहेब."

"अरे! देव्या?" साहेब मोठ्याने म्हणाले. "तू इथे कसा? कुणाला सोडायला आलास?"

माझ्या बाबांचं नाव देवराव आहे. वय सत्तरीच्या पुढे. नातवंडं आहेत. भर विमानतळावर, शंभर माणसांत, त्यांना 'देव्या' म्हणण्यात आलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद पसरला. मला त्या आनंदाचा राग आला. साहेबांपेक्षाही जास्त.

"नाही साहेब. हे पोरगी घेऊन चालली पुण्याले."

"विमानाने? वा वा! प्रगती आहे हं."

हे साहेब कोण, ते सांगायला हवं. रेल्वेतले मोठे इंजिनिअर. मूळचे पुण्याचे. बदली होऊन लखनौला आले, तेव्हा येताना वर्ध्याकडून आमच्या बाबांना घेऊन आले. बंगल्यावरचा खलाशी म्हणून. रेल्वेतल्या जुन्या माणसांना हे माहीत आहे. साहेबाला घरकामाला एक माणूस मिळायचा, तो साहेब स्वतः निवडायचा, आणि काही वर्षं त्याने नीट चाकरी केली की त्याला रेल्वेत कायम करायचे. म्हणजे सरकारी नोकरी हवी तर आधी साहेबाच्या घरी राबायचं. कुत्रा फिरवायचा, बूट चमकवायचे, पोरांना शाळेत सोडायचं. बाबा बंगल्यात सगळीकडे जायचे, फक्त स्वयंपाकघरात नाही. तिथे जायचं नाही असं कुणी कधी बोलून दाखवलं नाही. ते बोलावं लागतच नाही. आमची जात विचारायलाही त्यांना तोंड उघडावं लागलं नव्हतं, आडनाव पुरलं.

पुढे बाबा कायम झाले. साहेबांनीच त्यांना ट्रॉलीवर घेतलं. रूळ तपासायची ती ट्रॉली आताच्या पोरांना माहीत नसेल. चार चाकं, वर फळ्या, पुढे साहेबांची खुर्ची, खुर्चीवर छत्री. साहेब बसतात, रूळ बघतात. मागे खलाशी रुळावरून धावत ढकलतात. चारबाग स्टेशनहून निघायचं आणि ऊन डोक्यावर येईतो पळायचं. साहेब उंटावरून शेळ्या हाकायचे आणि शेळ्या आमचे बाबा. समोरून गाडी आली की ट्रॉली उचलून रुळाबाहेर टाकायची. एकदा गाडी वळणावरून आली. साहेब उतरून बाजूला झाले, खलाशांनी ट्रॉली उचलली, एकाचा हात सुटला आणि अख्खी ट्रॉली बाबांच्या गुडघ्यावर आली. साहेब म्हणाले, "नीट धरायला हवी होती."

बाबा अजूनही हे सांगतात ते असं, "साहेब वाचले, हे बरं झालं."

आणखी एक आठवतं. मी लहान होते. आलमबागच्या क्वार्टरमधून बाबांचा डबा घेऊन शेडमध्ये गेले होते. ट्रॉली उभी होती, कुणी नव्हतं. मी चढले आणि त्या खुर्चीत बसले. पाय हलवत होते, एवढंच. बाबा आले आणि त्यांनी मला कानफटात मारली. त्यांनी मला आयुष्यात तेवढं एकदाच मारलं. म्हणाले, "तिथं साहेब बसते." मग मला उचलून उतरवलं आणि आपल्या अंगावरच्या शर्टाच्या बाहीने ती खुर्ची पुसली. थप्पड मी विसरले. ते पुसणं विसरले नाही.

तर ते साहेब. निवृत्त झाले, गोमती नगरात मोठा फ्लॅट घेतला, कंपन्यांचे सल्लागार झाले. दर आठवड्याला विमान. म्हणून प्लॅटिनम.

सुपरवायझरने एकदा त्यांच्याकडे, एकदा बाबांकडे पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "अच्छा, आप लोग एक-दूसरे को जानते हैं!"

"जानते हैं?" साहेब हसले. "अपना ही आदमी है. मैंने ही इसे नौकरी पर रखा था." मग माझ्याकडे वळले. "काय गं, काय झालंय? कसली गडबड?"

मी सांगितलं. बाबांची सीट काढून तुम्हाला दिली, आणि बाबांचा पाय दुसरीकडे मावत नाही.

"अस्सं," साहेब म्हणाले. क्षणभर मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे, त्यांना द्या. मी खरंच वाट बघितली. ते म्हणाले, "अगं, पण याला सवय आहे. ट्रॉलीवर मागच्या फळीवर कसा बसायचा माहितीये? एवढ्याशा जागेत. काय रे देव्या?"

"हो साहेब."

"दीड-दोन तासांचा तर प्रश्न."

"बसा साहेब तुमी," बाबा म्हणाले. "माह्यं काय. मी मांगं बसतो."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माह्यं काय. बंगल्यावर पंगत बसली, माह्यं काय. मंडळाच्या गणपतीत सगळे सतरंजीवर आणि बाबा दाराशी चपला सांभाळत, माह्यं काय. आई गेली, तेव्हा डॉक्टरने मोठ्या माणसांचा नंबर आधी घेतला, तेव्हाही हेच. मी समोर बघितलं. साहेब हसतायत. सुपरवायझर हसतोय. काउंटरवरची मुलगी हसतेय. बाबाही हसतायत. चौघंही खूश, मामला मिटला. फक्त त्या पायाला कुणी विचारत नव्हतं. मी साहेबांकडे बघून म्हणाले,

"नाही."

"काय नाही?" साहेबांनी विचारलं.

"सीट देणार नाही."

"माय, काहून असं करते..." बाबा कुजबुजले.

"बाबा, गप्प राहा."

मी बापाला भर लोकांत गप्प राहा म्हणाले. सुपरवायझर परत पुढे सरकला, आता त्याचा आवाज बदलला होता. "मैम, काउंटर बंद होने वाला है. आप पास नहीं लेंगी तो हम ऑफ़लोड कर देंगे. दोनों को."

म्हणजे विमानात घेणारच नाही. आत्या तिकडे दाराकडे डोळे लावून पडलेली. बाबांना ते वाक्य समजलं. "बाई, तुह्या आत्याले भेटाचं आहे मले," ते म्हणाले. खरं सांगते, तिथे मी डळमळले. माझी सीट साहेबांना द्यावी, हाही विचार आला. मधली का होईना, पहिली रांग आहे. भांडण मिटलं असतं. पण मग बाबांच्या शेजारी साहेब बसले असते आणि बाबा आपणहोऊन उठून मागे गेले असते. आणि माझीही सीट मी का द्यावी? मी ती कुणाच्या घरचे बूट पुसून मिळवलेली नव्हती.

मी एकोणिसाव्या रांगेचा पास काउंटरवर ठेवला. म्हणाले, "कर दीजिए ऑफ़लोड. लेकिन लिखकर दीजिए. लिखिए कि जिनका पैर मुड़ता नहीं, उनकी सीट बुकिंग में दर्ज होने के बाद भी ली गई. और ये भी लिखिए कि छह में से इन्हीं को क्यों उठाया."

"मैम, ये तो..."

"लिखिए. मैं यहीं खड़ी हूँ."

मघाशी 'बहनजी, आगे बढ़िए' म्हणणारा माणूस त्याच तोंडाने म्हणाला, "अरे भाई, पैर तो देखिए उनका. दे दीजिए सीट." लोकांचं असंच असतं, वारा वाहील तशी पाठ. पण वारा तेव्हा माझ्या बाजूने वाहिला, मी तो घेतला. सुपरवायझरने वॉकीटॉकी तोंडाशी नेली, खाली केली, मुलीच्या मागे जाऊन स्वतःच स्क्रीनवर बोटं चालवली. प्रिंटरमधून एक पास निघाला. मग दुसरा. पहिला माझ्याकडे सरकवला. देवराव. पहिली रांग, वाटेकडची.

दुसरा साहेबांचा. दुसरी रांग, वाटेकडची. म्हणजे दुसऱ्या रांगेत जागा होतीच! आधीपासून होती. पण साहेबांना दुसरी कशी द्यायची, त्यापेक्षा म्हाताऱ्याला एकोणिसावी दिलेली बरी. एवढाच सगळा हिशेब होता.

साहेबांनी पास घेतला. चेहरा जरा लाल झाला होता, पण त्यांना सावरता येतं. जन्मभर तेच शिकलेत. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोई बात नहीं. बैठने दो बेचारे को आगे. मैं पीछे बैठ जाता हूँ."

आणि बाबांनी हात जोडले. "लय उपकार झाले साहेब."

जे लढून घेतलं, ते तिथल्या तिथे त्यांचं दान झालं. काउंटरवरची मुलगी साहेबांना म्हणाली, "सो स्वीट ऑफ़ यू, सर."

विमानात बाबा त्यांच्या सीटवर बसले. मी त्यांचा पट्टा लावला, पाय नीट पुढे काढून दिला, काठी हवाईसुंदरीकडे ठेवायला दिली. पाय मावला. छान मावला. मी म्हणाले, "टेका बाबा, पाठ टेका." त्यांनी मान हलवली आणि टेकले नाहीत. पाठीमागे साहेब बसले होते. साहेबांकडे पाठ करून, त्यांच्या पुढे, बाबा जन्मात कधी बसले नव्हते. विमान उडालं, ढगांच्या वर गेलं, लोकांनी खिडक्यांतून फोटो काढले. बाबा सीटच्या कडेला बसून राहिले, बोलावलं तर उठता यावं असे. मान जराशी मागे वळलेली, कान मागे. त्यांनी खिडकीकडे एकदाही पाहिलं नाही. मी खाऊ घेतला, तो त्यांनी हातात धरून ठेवला आणि मला हळूच विचारलं, "साहेबाईले विचारू का, त्याईले पाहिजे का?"

मला रडू आलं नाही. संताप आला. सीट मी मिळवली होती, बसवूनही दिलं होतं, आणि तरी माणूस त्या सीटवर बसलेला नव्हता. विमान कंपनीकडून सीट परत घेता येते. हे कुणाकडून परत घ्यायचं?

पुण्याला चाकं टेकली. पट्ट्याचा दिवा विझायच्या आत अर्धं विमान उठून उभं राहिलं. मागून आवाज आला, अगदी सहज, जसा शेडमध्ये यायचा तसा:

"देव्या, वरची ती काळी बॅग काढ रे जरा."

मी वळून बघितलं. रोज सकाळी गोल्फ खेळणारा धडधाकट माणूस. बॅग त्यांच्याच डोक्यावरच्या कप्प्यात. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. काउंटरवर झालं ते ते विसरूनही गेले होते. माणूस चुकून म्हणून जातो तसं ते म्हणाले, आणि ही चूक फक्त साहेबांच्याच हातून होऊ शकते, खलाशाच्या नाही.

बाबांनी पट्टा काढलासुद्धा होता. एक हात समोरच्या भिंतीला टेकून, दुमडत नसलेला पाय ओढत, ते उठायला लागले. "काढतो साहेब, थांबा."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबला.

"बाबा, बसा."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे," साहेब म्हणाले.

"मग करा ना तुम्हीच," मी म्हणाले. "तुमची बॅग तुम्ही काढा."

"काय?"

साहेबांना कळलं होतं, पण बाकी सगळ्यांना मराठी कळलं नसेल. म्हणून हिंदीत सांगितलं, जरा मोठ्याने, म्हणजे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळावं. "अपना सामान ख़ुद उतारिए. ये आपके नौकर नहीं हैं. इनका नाम देवराव है."

बाबा पुन्हा उठू बघत होते. त्यांचा खांदा माझ्या तळव्याखाली धडपडत होता, आणि म्हातारा असला तरी तो ट्रॉली ढकललेला खांदा आहे. मी हात उचलला नाही. दुसराही ठेवला. माझ्या बापाला मी जबरदस्तीने बसवत होते आणि सगळं विमान बघत होतं.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी पुढे आलं नाही. त्यांनी हात वर केला आणि बॅग काढली. एका हाताने. हलकी होती.

ते आमच्या शेजारून पुढे गेले. जाताना बाबांकडे बघून एवढंच म्हणाले, "शिकवलंस मुलीला, चांगलं केलंस." मग उतरून गेले. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

टॅक्सीत ते माझ्याशी बोलले नाहीत. पिंपरी यायला आलं तेव्हा बाहेर बघत म्हणाले, "त्यानं मले नोकरीले लावलं होतं. त्याच्यामुळं तू शिकली. आज तू मले नमकहराम केलं."

मी म्हणाले, "बाबा, त्या नोकरीचं मीठ तुम्ही फेडलंय. गुडघा देऊन फेडलंय. बाकी काही नाही."

"तुले काय समजते," ते म्हणाले. आत्याकडे चार दिवस राहिलो. आत्याशी ते भरभरून बोलले, रडले, हसले. माझ्याशी नाही. मी वाढलेलं ताट त्यांनी आत्याच्या सुनेकडून घेतलं.

मी माफी मागितली नाही. मागणारही नाही. तिसऱ्या दिवशी चेक-इन उघडलं तेव्हा पहिली रांग घेतली, वाटेकडची सीट, देवराव यांच्या नावे. त्यांना आवडो, न आवडो. त्यांचा राग मी आयुष्यभर सोसायला तयार आहे. बापाच्या रागाला मी भीत नाही. मला भीती आहे ती त्यांच्या उठण्याची. यापुढे कुणीही, कुठेही, 'देव्या' म्हणून हाक मारली आणि हा माणूस उठायला लागला, तर मी त्याला खाली बसवीन. माझ्याशी कधीच बोलले नाहीत तरी चालेल. ते माझा हात झटकतील. मी पुन्हा ठेवीन.